फियाट ११०० डिलाइट: मागचा डावा कोपरा

१४ ऑक्टोबर २०२४, फोंडा

गाडी १९६९ ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली. इंजिन १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, पाटी अजून जुन्या 'जीडी' मालिकेतली. बाबांनी घेतली तेव्हापासून घरातच आहे.

शनिवारी फर्मागुडीच्या उतारावर मागून मालाच्या टेम्पोने ठोकले. माणसांना खरचटलेदेखील नाही. गाडीचा मागचा डावा कोपरा आत गेला. शेपटीचा वर निघालेला काठ दुमडला, दिवा फुटला, बंपरची डावी बाजू वाकली आणि डिकी लागत नाही. मागची काच शाबूत.

आज कुणाला हात लावू देण्याआधी सगळीकडून फोटो काढले, टेप धरून मापे लिहिली. रस्त्यावरून उचललेले दिव्याच्या काचेचे तुकडे, क्रोमची तुटकी कडी, स्क्रूसुद्धा, सगळे एका पिशवीत घालून वर तारखेची चिठ्ठी लावली. जुन्या गाडीचा तुटलेला भाग कचऱ्यात टाकायचा नसतो. दुकानदारासमोर ठेवायला तोच नमुना असतो, आणि नमुन्याशिवाय गेलात तर "फियाटचा दिवा" म्हणून काहीही हातात पडते.

१८ ऑक्टोबर

विम्याचा सर्व्हेअर येऊन गेला. त्याच्याशी बोलताना एक हिशेब नीट समजून घेतला. जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी दहा वर्षांहून जुनी असली की बदललेल्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवरही ५० टक्के. काचेवर काही कापत नाहीत. रंगाच्या बिलात साहित्याचा वाटा २५ टक्के धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. पण पत्रा ठोकून सरळ करण्याच्या मजुरीवर घसारा नाही. म्हणजे नवा भाग आणून बसवला तर निम्मा खर्च आपल्या खिशातून, आणि आहे तोच भाग कारागिराने हाताने दुरुस्त केला तर मजुरीला कात्री नाही. आमच्या गाडीला नवा भाग मिळणारच नव्हता. तरीही बिलात मजुरी, साहित्य आणि सुटे भाग वेगवेगळे लिहून घ्यायचे हे आजच ठरवले.

२३ ऑक्टोबर

गॅरेज शोधणे सुरू.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडीचे नाव संगणकात सापडेना, म्हणून अंदाजपत्रकच देता येईना. त्यांची पद्धतच भाग बदलण्याची आहे. दुसऱ्या ठिकाणी "काळजी करू नका, फायबरचा कोपरा करून चिकटवतो, रंग लागला की कळणारसुद्धा नाही" असे सांगितले. मला नेमकी त्याचीच भीती आहे. फियाटला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चासी. मागचा कोपरा हा झाकणासारखा बसवलेला भाग नसून खालच्या फ्लोअरला, चाकाच्या कमानीला आणि छताच्या खांबाला वेल्डिंगने जोडलेला असतो. तिथे फायबर चिकटवले तर दिसायला गाडी होईल, पण त्या बाजूची ताकद गेली ती गेली.

तिसऱ्या गॅरेजात चार गाड्या चकाकत उभ्या होत्या. मालक अभिमानाने दाखवत होता. मी खिशातला छोटा लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून एका दरवाजाच्या खालच्या भागावर धरला. तो घसरून खाली आला. आत पत्रा कमी आणि लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, जास्त. आभार मानून निघालो.

२८ ऑक्टोबर, डिचोली तालुका

मामेभावाने सांगितलेल्या टिंकर मिस्त्रींकडे गेलो. माडांच्या बागेत पत्र्याची शेड. मधोमध गाडी नव्हतीच, गावच्या पोरांच्या, दिवाळीत जाळायच्या नरकासुराचा लोखंडी सांगाडा उभा होता. मिस्त्री त्याच्या मानेचा फिरणारा सांधा वेल्ड करून देत होते. दिवाळीपर्यंत हातात दुसरे काम घेणार नाही म्हणाले. मला घाई नव्हती.

शेडच्या कडेला एक जुनी जीप उघड्या पत्र्यावर होती, रंगाचा थेंब नाही. मी तीच बघत राहिलो. जोडांवर हात फिरवला तर कुठे उंचवटा लागेना. आतल्या बाजूने पाहिले तर वेल्डिंगची रेघही घासून सपाट केलेली आणि तिच्यावर प्राइमर मारलेला. जी बाजू गिऱ्हाईक कधी बघणार नाही तीही त्यांनी तितक्याच काळजीने केली होती.

मी रंगाचे विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "रंग मागीर. पयलीं पत्रो." म्हणजे रंग नंतर, आधी पत्रा.

काम त्यांच्याकडेच. ठोक रक्कम नाही, टप्प्याटप्प्याने पैसे: गाडी ओढून मापात आली की पहिला हप्ता, उघडा पत्रा मी डोळ्यांनी पाहिल्यावर दुसरा, रंगानंतर शेवटचा. अट माझी एकच, लांबी लावण्याआधी मला बोलवायचे. ते लगेच हो म्हणाले. ज्याला ही अट जाचते त्याच्याकडे गाडी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

२६ नोव्हेंबर

गाडी आज शेडमध्ये पोचली. जुने गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे दहा वर्षांनी होणारे शवप्रदर्शन सुरू आहे, बाणस्तारीपर्यंत गाड्यांची रांग. फ्लॅटबेडवाला पहाटे निघाला म्हणून निभावले.

३० नोव्हेंबर

आजचा दिवस मापांचा. एवढे शिकायला मिळाले की सगळेच लिहून ठेवतो.

मिस्त्रींकडे लेझरचे यंत्र नाही. ओळंबा, खडू आणि स्टीलची टेप आहे. शेडची जमीन कोब्याची आणि पाणसळीत. गाडीखाली ठरावीक जागा निवडल्या: मागच्या पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) पुढचा बोल्ट, मागची शॅकल (पाट्यांचे मागचे टोक धरणारी झुलती कडी), पुढच्या सस्पेन्शनचे बोल्ट, दोन्ही बाजूंचे सारखे. प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडायचा आणि तो स्थिरावला की खाली खडूची फुली. मग गाडी ढकलून बाजूला केली. जमिनीवर गाडीचा नकाशाच उमटला होता.

आधी चाकांमधले अंतर. फियाट ११०० चे ते २३४० मिलिमीटर. दोन्ही बाजूंना तेवढेच भरले. मागच्या पाट्या पुढच्या टोकाला घट्ट बांधलेल्या असतात आणि मागच्या टोकाला शॅकलवर झुलतात, त्यामुळे अ‍ॅक्सल कुठे बसणार हे पुढचा बोल्ट ठरवतो. अंतर बरोबर म्हणजे तो बोल्ट हललेला नाही, मार अ‍ॅक्सलच्या पुढे गेलेला नाही. मग कर्ण मोजले. पुढच्या उजव्या फुलीपासून मागच्या डाव्या शॅकलपर्यंतचा कर्ण दुसऱ्या कर्णापेक्षा ११ मिलिमीटरने कमी. शॅकलचा ब्रॅकेट आत आणि किंचित वर सरकला आहे.

बाहेरून दिसणारा शेपटीचा चुराडा भयंकर वाटत होता. खरे दुखणे हे ११ मिलिमीटर होते आणि ते वरून दिसतच नव्हते. कुणी आधी वरचा पत्रा गुळगुळीत करून रंगवला असता, तर गाडी जन्मभर एका बाजूला तिरकी धावली असती आणि मागचे टायर खात राहिली असती.

४ डिसेंबर

वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी काढून शेडच्या बाहेर लांब ठेवली. बॅटरी सोडवली. मागची सीट, चटया, डिकीतले पुठ्ठे, सगळे बाहेर.

९ डिसेंबर

ओढायचे काम. शेडच्या बाहेर जमिनीत पुरलेला कॉंक्रीटचा खांब आहे. गाडी पुढून दोन्ही बाजूंना बांधली. ब्रॅकेटजवळ जाड पट्ट्या वेल्ड केल्या, त्यांना साखळी, साखळीला हायड्रॉलिक जॅक.

मिस्त्री आधी बराच वेळ नुसते बघत बसले. मार कुठून आला, कुठली घडी आधी पडली आणि कुठली नंतर, हे ते बोटाने दाखवत होते. जी घडी शेवटी पडली ती आधी उघडायची. उलट क्रमाने गेले नाही तर पत्रा ताणतो आणि नवीन सुरकुत्या पडतात.

जॅक थोडा चढवायचा, थांबायचे, घडीच्या कडेकडेने हातोडीने हलके ठोके द्यायचे, म्हणजे पत्र्यात अडकलेला ताण सुटतो. परत थोडा चढवायचा. हव्या त्या मापाच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे न्यायचा, कारण साखळी सैल केली की लोखंड मागे येते. संध्याकाळी कर्णातला फरक ३ मिलिमीटरवर आला. उरलेले उद्या. "रात्रभर ताणावर राहू दे," म्हणाले.

११ डिसेंबर

फरक १ मिलिमीटर. डिकीचे झाकण पहिल्यांदाच कुलपात बसले. पहिला हप्ता दिला.

१९ डिसेंबर

शेपटीचा रंग खरवडला तर मागच्या चाकाच्या कमानीवर जुन्या दुरुस्तीची लांबी निघाली, सात-आठ मिलिमीटर जाड. दोन-तीन मिलिमीटरच्या वर लांबी म्हणजे कुणीतरी पत्र्याचे काम टाळलेले. तिच्याखाली जुन्यावर नवा पत्रा चढवून ठिगळ मारलेले होते, आणि दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरून दोन्ही सडले होते. आपल्याकडे पावसाचे चार महिने आणि एरवी खारा वारा. पाणी थांबेल अशी फट इथे ठेवायचीच नाही.

सडलेले सगळे कापून निरोगी पत्र्यापर्यंत गेलो. भोक आधी होते त्याच्या दुप्पट झाले. ते बघवत नाही, पण अर्धवट गंजावर वेल्डिंग धरतच नाही.

नवीन तुकडा २० गेजच्या सीआर (थंड लाटलेल्या, कोल्ड रोल्ड) पत्र्याचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. पन्हाळीचा जस्त चढवलेला पत्रा इथे चालत नाही. वेल्ड करताना जस्त जळते, त्याचा धूर घातक, आणि जोडही भुसभुशीत येतो. मिस्त्रींनी उजव्या कमानीवर पुठ्ठा धरून साचा कापला, उलटा केला आणि त्यावरून डावीकडचा आकार काढला. वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने ठोकत ठोकत गोलाई दिली. तुकडा चढवून लावायचा नाही, कडेला कड भिडवायची. सीओटू वेल्डिंगने एक टाका इथे, दुसरा वितभर लांब, तिसरा मध्ये, प्रत्येक वेळी हात लावून पत्रा निवला का बघायचा. सलग रेघ ओढली तर उष्णतेने सगळा पत्रा लाटा खातो.

४ जानेवारी २०२५

शेपटीचा पत्रा डॉली-हातोडीवर. डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, आतून बरोबर ठोक्याखाली धरली तर पत्रा पसरतो. जरा बाजूला धरली तर वर आलेला भाग बसतो आणि खोल गेलेला उचलतो. एका जागी पत्रा ताणला गेला होता, अंगठ्याने दाबला की टक्क आवाज करून आत जायचा आणि परत बाहेर. त्यावर गॅसने नाण्याएवढा ठिपका लाल केला, भोवतीने ठोके दिले आणि ओले फडके लावले. निवताना पत्रा आकसतो. असे काही ठिपके दिल्यावर टक्क आवाज बंद झाला. मी डोळे मिटून हात फिरवला. डोळ्यांना जे दिसत नाही ते तळहाताला कळते, आणि इथे काहीच लागले नाही.

दिव्याभोवतीची चौकट मात्र वाचली नाही. पत्रा तिथे फाटला होता.

११ जानेवारी, मुंबई

चौकट, दिवा आणि रबर यांच्यासाठी आलो.

ही गाडी चालू ठेवणे इतकी वर्षे सोपे होते ते मुंबईच्या टॅक्सीमुळे. फियाटची पद्मिनी झाली तरी आतले पुष्कळ तेच राहिले, आणि हजारो काळ्या-पिवळ्या रोज धावत असल्यामुळे भाग बनत राहिले, विकले जात राहिले. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. बाजारात त्याचा परिणाम स्पष्ट दिसतो. ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांतल्या एका दुकानात इंजिनाचे भाग अजून मिळाले: गॅस्केट, पाण्याचा पंप, क्लच प्लेट. पण बॉडीचे म्हटले की दुकानदार मान हलवतो. "टॅक्सीवाल्याला क्रोम कशाला लागतो?" त्याचे म्हणणे बरोबर होते. टॅक्सीने यंत्र जिवंत ठेवले, अंगावरचे दागिने ठेवले नाहीत.

कुर्ल्यात सीएसटी रोडच्या जुन्या मालाच्या दुकानांतून दिव्याच्या दोन कड्या पुढे आल्या. एक नवी, चकचकीत, हातात घेतली तर हलकी. पिशवीतला तुटका तुकडा तिच्यावर धरला तर स्क्रूची भोके जुळेनात. दुसरी जुन्या साठ्यातली, कागदात गुंडाळलेली, वजनाला भरीव, कडेला थोडा डाग. भोके तंतोतंत. हीच घेतली.

रबराच्या बाबतीत उलट वागावे. जुना साठा म्हणून कुणी डिकीचे बीडिंग पुढे केले तर नख रुतवून बघावे. रबर न वापरताही कपाटात वाळते, कडक होते, दुमडले की तडा जातो. धातू जुना घ्यावा, रबर नवे घ्यावे.

१८ जानेवारी, कुडाळ

चौकटीचा पत्रा भंगारातल्या पद्मिनीकडून मिळाला. पुढून पूर्ण गेलेली, पण मागची शेपटी शाबूत. भंगारवाला अख्खा कोपरा कापून द्यायला तयार होता. मिस्त्री फोनवर म्हणाले, "हातभर आणा, जास्त नको." स्वस्तात मिळतो म्हणून अख्खा कोपरा घ्यावासा वाटतोच. पण मग आमचा सरळ झालेला मूळ पत्रा फेकून दुसऱ्या गाडीचा, दुसऱ्याच पावसाळ्यांत भिजलेला पत्रा लावला असता, आणि जोडाची लांबी कितीतरी वाढली असती. दिव्याभोवतीचा भागच कापून आणला.

२५ जानेवारी

चौकट बसली. दिवा आणि कडी प्रत्यक्ष लावून पाहिली, मगच शेवटचे टाके. दुसरा हप्ता उघड्या पत्र्यावर दिला. आज गाडीला रंगाचा थेंबही नाही आणि मला ती कधी इतकी सुंदर वाटली नव्हती.

त्याच संध्याकाळी इपॉक्सी प्राइमर. आपल्या हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी तांबूस झाक येते.

३ फेब्रुवारी, कोल्हापूर

बंपर घेऊन आंबोलीमार्गे शिवाजी उद्यमनगरात आलो. क्रोमवाल्याने आधी बंपर मिस्त्रींकडूनच सरळ करून आणला का ते विचारले. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो, तो खड्डा भरत नाही, उलट दाखवतो. खाली तांबे, त्यावर निकेल, वर क्रोम. तांब्याच्या थरानंतर घासून गुळगुळीत करण्यात खरी मेहनत आहे, तिथे घाई केली तर वर्षभरात फोड येतात. बंपरची आतली बाजूही गंजरोधक करून द्यायची हे बोलून घेतले. तिथूनच गंज सुरू होतो.

२२ फेब्रुवारी

लांबी आता नावापुरती, जोडांवर. सर्फेसर, त्यावर काळ्या रंगाचा विरळ फवारा, मग लाकडी ठोकळ्याला पेपर लावून पाण्याने घासणे. खळगा असेल तिथे काळे राहते, उंचवटा असेल तिथे लगेच निघते. दोन जागी काळे राहिले. परत.

रंगाची जुळणी डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूवरून केली. तिथे उन्हाने रंग उडालेला नाही. पण बाहेरची बाकी गाडी उडालेल्या रंगाची, त्यामुळे फक्त कोपरा मूळ छटेत रंगवला असता तर वेगळा दिसला असता. पेंटरने दोन छटा करून पत्र्याच्या तुकड्यांवर फवारल्या आणि गाडीशेजारी उन्हात धरल्या. सावलीत दोन्ही सारख्याच होत्या. उन्हात फरक कळला.

८ मार्च

पीयू (पॉलियुरेथेन) रंग झाला. शिगमोच्या आधी संपवायचेच होते, मिस्त्रींचा मुलगा रोमटामेळात ढोल वाजवतो. पावसाळ्यात हे काम मी मुळीच करू देणार नव्हतो. दमट हवेत रंगाची चमक जाते आणि आत ओल अडकली तर पुढे फोड येतात.

१९ मार्च

पाटीचा प्रश्न काही ओळखीच्यांनी काढला. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेची विंटेज नोंदणी मिळते: शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,०००. गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, मोठा फेरफार चालत नाही. त्या दृष्टीने मूळ पत्रा वाचवला हे बरेच झाले. पण विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा ठरावीक कामांसाठीच. आम्ही हिच्यातून बाजारात जातो, मंगेशीला जातो. नेहमीची नोंदणीच ठेवणार.

५ एप्रिल

बंपर आला, बसला. रबर बीडिंग, दिवा, वायरिंग पूर्ण. रस्त्यावर स्टिअरिंग सोडून पाहिले, गाडी सरळ जाते.

पावसाआधीची उरलेली कामे: शेपटीच्या पोकळीत आतून मेणाचा फवारा, डिकीच्या तळाची पाणी निघायची भोके मोकळी आहेत का तपासणे, पहिल्या जोरदार पावसानंतर चटई उचलून बघणे. उजवीकडच्या दिव्याची कडी आता डावीपुढे फिकी दिसते. कुर्ल्याच्या दुकानदाराला सांगून ठेवले आहे, जुन्या साठ्यातली मिळाली तरच घ्यायची.